कायम की फिरती

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. १६ जुलै १९७८

ती. दादास,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून तू चौथीच्या पोरांवर राग काढला असशील, तर त्या पोरांची मी इथूनच माफी मागते. मीनावहिनीने पाठवलेली कारळ्याची चटणी पोचली. होस्टेलातल्या मुलींनी दोन दिवसांत डबा पुसून ठेवला, मला चमचाभर मिळाली. वहिनीला सांग, पुढच्या वेळी डब्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिही.

आता कामाचं. गेल्या सोमवारी मेट्रनबाईंनी मला बोलावलं होतं. आमच्याकडे वर्षापूर्वी हृदयाच्या रोग्यांचा वेगळा विभाग निघाला, ते तुला ठाऊक आहेच. चार खाटा आणि दोन मॉनिटर, म्हणजे काचेवर ठोक्यांची रेघ दाखवणारी यंत्रं. ठोका बिघडला की घंटी वाजते. आतापर्यंत आम्ही सगळ्याजणी फिरतीवर होतो. तीन महिने हृदयविभाग, तीन महिने जळितांचा वॉर्ड, तीन महिने धनुर्वाताची खोली, जिथं माणूस कमी तिथं. आता हृदयविभागासाठी एक सिस्टर कायमची नेमायची आहे. आधी सहा आठवडे शिक्षण, मग तिथंच राहायचं. क्वार्टरमध्ये एक खोलीही मिळेल. मी हो म्हणते का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं तर माझी फिरती चालू राहील आणि पहिल्या ऑक्टोबरला मी पुन्हा धनुर्वाताच्या खोलीत जाईन. तीस सप्टेंबरच्या आत लेखी द्यायचं आहे.

तू म्हणशील, यात विचार कसला करायचा. पण दादा, ती खोली मला सोडवत नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. बाभळीचा काटा मोडला आणि सहाव्या दिवशी ती गेली. तिच्या उशाशी अख्खं गाव बसून मोठमोठ्याने रडत होतं, आणि प्रत्येक आवाजाला तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं, हे मला आता कळतं. आमच्या खोलीत आम्ही काळे पडदे लावतो, अनवाणी चालतो, खुणांनी बोलतो. तिथून एखादी बाई बरी होऊन आपल्या पायांनी बाहेर पडली की मला आईच घरी निघाल्यासारखी वाटते. हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगितलं.

सध्या मी हृदयविभागातच आहे. या महिन्यात माझ्या ड्यूटीवर रेवणप्पा नावाचे एक गृहस्थ गेले. सात रस्ता चौकात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

आप्पांना आणि बजाआत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
गिरी

॥ श्री ॥

केम,
ता. २४ जुलै १९७८

चि. गिरिजास,
नागनाथचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर इतके बिघडलेले की माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती. घाईत लिहिलेस की रडत लिहिलेस, ते कळव.

माझे मत विचारलेस म्हणून नव्हे, तर थोरला भाऊ या नात्याने न विचारताही देतो. कायमची जागा घे. बारा वर्षे झाली, पिशवी घेऊन या वॉर्डातून त्या वॉर्डात हिंडते आहेस. मास्तरलासुद्धा दर तीन महिन्यांनी वर्ग बदलून दिला तर पोरांची नावे पाठ होत नाहीत. एका जागी राहिलीस तर त्या विद्येत तुझे नाव होईल. आईचे तू लिहिलेस ते वाचून मीही बराच वेळ शाळेच्या पायरीवर बसून होतो. पण आईसाठी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत अनवाणी हिंडावे असे तिला वाटले नसते.

दुसरी गोष्ट आप्पांची. कुंकवाच्या गिरणीवर अजून रोज जातात. घरी येतात तेव्हा भुवयांपासून पायापर्यंत लाल असतात आणि आत्या त्यांना देवीचा भुत्या म्हणून चिडवते. पण हल्ली स्टेशनाचा जिना चढताना दोनदा थांबतात. छातीत आवळल्यासारखे होते, डावा हात जड होतो. आम्हाला काहीच सांगत नाहीत. आत्याने पाहिले म्हणून कळले. आत्या म्हणाली की लेक तितंच हाय की, मग हितं कशाला बसलाय? मलाही तेच वाटते. तुझ्या वॉर्डात घेऊन येऊ का? तू सांगशील त्या दिवशी निघतो. आप्पांना तर आनंदच होईल. लेकीचे ते घंटीचे यंत्र त्यांना एकदा पाहायचेच आहे.

उत्तर लौकर लिही. आमची आठवण ड्यूटीच्या कागदात ठेवून हरवू नये.

तुझा,
नागनाथ

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. ३१ जुलै १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आप्पांचं वाचून काळजी वाटली. त्यांची गिरणी आजपासून बंद. जिना चढायचा नाही, पोतं उचलायचं नाही, तंबाखू तर अजिबात नाही. वहिनीला लक्ष ठेवायला सांग.

पण इकडे आत्ता आणू नकोस. आमचे मोठे डॉक्टर रजेवर आहेत आणि खाटाही मोकळ्या नाहीत. शिवाय आपल्याच माणसाची शुश्रूषा आपण करू नये, हात चालत नाही असं आमच्यात म्हणतात. कुरडूवाडीच्या डॉक्टरांना दाखव, ते औषध देतील. मी पहिल्या ऑक्टोबरला धनुर्वाताच्या खोलीत गेले की हृदयविभागात दुसरी सिस्टर येईल. तेव्हा आप्पांना आण, म्हणजे मला त्यांच्याजवळ नुसतं लेक म्हणून बसता येईल.

जागेचं अजून ठरलं नाही. पण बहुतेक फिरतीच बरी.

या वेळी जास्त लिहीत नाही. राग मानू नये, माया ठेवावी.

तुझी,
गिरी

॥ श्री ॥

केम,
ता. ९ ऑगस्ट १९७८

चि. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

परवा आप्पांना कुरडूवाडीला नेले होते. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि विचारले की मुलगी सोलापुरात हृदयाच्या वॉर्डात असताना तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? आप्पाच म्हणाले की डाक्टर, तितं खाटा भरल्यात, मोकळी झाली की पोरगी बलावणार हाय.

तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत आहेत. धुवट धोतर, दोन सदरे आणि तुझ्या होस्टेलातल्या मुलींसाठी कुंकवाच्या पुड्या, अशी पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवली आहे. ऑक्टोबरला अजून पावणेदोन महिने आहेत, गिरी. कुरडूवाडीचे डॉक्टर म्हणतात की इतके थांबू नका.

तू डॉक्टर नाहीस हे मला कळते. पण तू आजवर कधी एवढे आखडून लिहिले नव्हतेस. तिकडे काही बिनसले आहे का? मेट्रनबाईंशी भांडण झाले आहे का? काहीही असो, खाट मोकळी झाली की दोन ओळी टाक. उलट टपाली वाट पाहतो. पोस्टमन त्रिंबक मला आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

आम्हा सर्वांचा जीव तुझ्यात आहे, हे लक्षात असू दे.

तुझा,
नागनाथ

सोलापूर,
ता. ५ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
शि. सा. न.

वरती श्री घातलेला नाही. घालवत नाही.

तेरा दिवस मी केमला होते. तुझ्याशेजारी बसून जेवले, आत्याच्या कुशीत झोपले, आणि जे सांगायचं ते सांगू शकले नाही. आप्पांची ती पिशवी वहिनीने खुंटीवरून काढली तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. त्याचं उत्तर आता लिहिते आहे.

मी तसं लिहिलं त्या आठवड्यात आमच्याकडे खाटा भरलेल्या नव्हत्या. दोन खाटा रिकाम्या होत्या. मोठे डॉक्टरही रजेवर नव्हते. तुझं नऊ तारखेचं पत्र मला बारा तारखेला मिळालं आणि सतराला सकाळी आप्पा गेल्याची तार येईपर्यंत ते माझ्या लॉकरमध्ये पडून होतं. पाच दिवस मी लॉकर उघडत होते, ते पत्र पाहत होते आणि लॉकर बंद करत होते.

कारण रेवणप्पा. एक जुलैला मी धनुर्वाताच्या खोलीतून हृदयविभागात आले. तीन महिने त्या खोलीत काम केलं की हाताला वळण लागतं. भांडं वाजलं की हात जाऊन ते धरतो, दार वाजलं की हात जाऊन ते अडवतो. मी तर मनगटावरचं घड्याळही काढून ठेवत असे. पाच तारखेला संध्याकाळी रेवणप्पांच्या मॉनिटरची घंटी उगाचच दोन-तीनदा वाजली, छातीवरची तार सैल झाली होती म्हणून. मी तार नीट लावली आणि माझ्या हाताने घंटीचा आवाज पार खाली आणला. मी आणला असं म्हणते, पण आणताना मला कळलंसुद्धा नाही. मग पडदा ओढून मी पलीकडच्या म्हाताऱ्याचं अंग पुसायला गेले. बाहेर आले तेव्हा काचेवरची रेघ वेडीवाकडी झाली होती आणि रेवणप्पांचे ओठ निळे पडले होते. किती मिनिटं झाली होती, ते देवाला ठाऊक. डॉक्टर धावत आले, खूप खटपट केली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुसताना बटण पाहिलं तेव्हा मला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी त्यांची बायको कमलम्मा वॉर्डात आली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली होती. तिला मराठी धड येत नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाली की सिस्टर, तुमी लई केलं. मी ती भाकरी घेतली, दादा. घेतली आणि खाल्ली.

त्यानंतर दहा दिवसांनी तुझं पत्र आलं, आप्पांना तुझ्या वॉर्डात आणू का म्हणून. मला माझ्या हातांची भीती वाटली. आप्पा त्या खाटेवर असतील आणि मी पुन्हा कधी, न कळत, तेच करीन, असं सारखं डोळ्यांपुढे येई. म्हणून मी खोटं लिहिलं. रेवणप्पांना मी चुकून मारलं असेल. आप्पांना मी भिऊन मारलं.

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी नाही.

गिरिजा

सोलापूर,
ता. १६ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून मी बसलेही नाही, तरी टपालाच्या वेळेला खाली जाऊन येते.

मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला उभंच ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रजिस्टरमध्ये लिहून माझी सही घेतली, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले की वेळेवर कळलं असतं तर वाचले असते की नसते, हे कुणीच सांगू शकणार नाही. मला कुणीतरी काहीतरी एक सांगायला हवं होतं. नोकरी गेली नाही, लेखी समज मिळाली. दोन्ही यंत्रांच्या आवाजाच्या बटणावर आता चिकटपट्टी लावली आहे आणि प्रत्येक पाळीला ती पाहून सही करायची आहे.

नंतर कमलम्माकडे गेले. दुकानाच्या मागेच एका खोलीत राहते. शेजारच्या बाईने मध्ये बसून कानडीत समजावलं. कमलम्माने सगळं ऐकलं, एकच विचारलं की त्यांना दुखलं का? मी म्हटलं की नाही, गुंगीत होते. मग ती कानडीत बराच वेळ बोलली, अगदी हळू आवाजात. शेजारणीने त्याचं मराठी करून सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. निघताना कमलम्मा दारापर्यंत आली नाही.

मेट्रनबाई म्हणतात की कायमच्या जागेचं त्यांचं बोलणं अजून तसंच आहे. ही चूक खोल्या बदलण्यातून झाली, तेव्हा जिला ती पुरती कळली आहे तीच एका जागी असावी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण मला त्या चार खाटांपुढे उभं राहवत नाही. तिसऱ्या खाटेवर आप्पा असायला हवे होते. मी फिरतीचाच अर्ज लिहून ठेवला आहे. फिरतीत माणसं बदलतात, खोल्या बदलतात, कुणी आपलं होण्याआधी आपण निघतो. तीस तारखेला देऊन टाकीन.

आत्याची तब्येत कशी आहे? एवढं एक कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

गिरिजा

केम,
ता. २० सप्टेंबर १९७८

चि. गिरिजास,
आशीर्वाद.

हे पत्र गिरणीवरच्या सिद्धनाथच्या हाती देतो आहे. तो उद्या कुंकवाची पोती घेऊन सोलापुरात येतो आहे आणि संध्याकाळी परतणार आहे. त्याच्याच हाती उत्तर दे.

तुझी दोन्ही पत्रे मिळाली. पहिले वाचून मी ते शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले. वर्गात एका मुलाला उगाच मारले. तुला स्पष्ट लिहितो, मला तुझा फार राग आला आहे. रेवणप्पांवरून नव्हे. चूक कुणाच्याही हातून होते. पण खाट रिकामी असताना तू भरली आहे म्हणून लिहिलेस, आणि आप्पा ते गावभर कौतुकाने सांगत फिरले. हे माझ्याने विसरवत नाही. विसरलो असे तुला खोटे लिहिणार नाही.

आत्या रोज विचारायची की गिरीनं काय लिवलंय? काल दोन्ही पत्रे तिला वाचून दाखवली. आप्पा तिचा पाठचा भाऊ. संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही, तुळशीजवळ बसून राहिली.

आत्याचे तू विचारलेस. पंधरा दिवस झाले, तिला बसल्या जागी धाप लागते. पाय सुजले आहेत, रात्री उशीला टेकून बसावे लागते. आज कुरडूवाडीला नेले. डॉक्टरांनी पट्टी काढली, गोळ्या आणि इंजेक्शन दिले, धाप जरा बसली आहे. हृदय थकले आहे, उद्या-परवाच सोलापूरला न्या म्हणाले. मी म्हणालो की पुण्याला नेतो. सोलापुरातच दुसऱ्या दवाखान्यात नेऊ असेही म्हणालो. आत्या ऐकायला तयार नाही. म्हणते की न्हाय, गिरीकडंच न्यायचं. दुसऱ्या बायास्नी काय ठावं चूक कुटं व्हती? तिला ठावं हाय. मी म्हणालो की ती भिते. तर म्हणाली, भिऊ दे, मी हाय की.

तर परवा, शुक्रवारी, सकाळच्या पॅसेंजरने तिला घेऊन निघतो. तू त्या वॉर्डात असशील की नाही, आणि एक तारखेनंतर असशील की नाही, ते मला कळले पाहिजे. नसशील तर तसे लिही. फक्त या वेळी खरे लिही.

नागनाथ

सोलापूर,
ता. २१ सप्टेंबर १९७८, दुपार

ती. दादास,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

सिद्धनाथ खाली थांबला आहे, म्हणून भराभर लिहिते.

खाटा दोन मोकळ्या आहेत. मी स्वतः पाहून आले. मोठे डॉक्टर आहेत, त्यांना आत्याबद्दल सांगून ठेवलं आहे. खिडकीकडची खाट मेट्रनबाईंनी तिच्या नावाने ठेवली.

आत्याला निजवून आणू नकोस, धाप वाढेल. बसवून, पाठीशी वळकटी देऊन आण. जेवणात मीठ नको आणि वाटेत सारखं पाणी देऊ नकोस. स्टेशनाचा जिना तिने चढायचा नाही. मी हॉस्पिटलची चाकाची खुर्ची आणि एक वॉर्डबॉय घेऊन फलाटावर उभी असेन. डॉक्टरांनी काढलेली पट्टी आणि दिलेल्या गोळ्या बरोबर असू देत. तिला सांग की यंत्राचा आवाज मोठा असतो, तिची झोपमोड होईल, आणि ती मला शिव्या देईल त्या मी ऐकून घेईन.

तू खरं लिही म्हणालास, तर खरं हे की मला भीती वाटते. आत्याला काही झालं तर तुला तोंड दाखवायला मी उरणार नाही, असंही मनात येऊन गेलं. तरी मी तो फिरतीचा अर्ज मेट्रनबाईंसमोर फाडला आणि कायमच्या जागेच्या कागदावर सही केली. तीस तारखेची वाट पाहिली नाही. एक तारखेनंतर मी इथंच असेन, आणि त्यानंतरही इथंच. धनुर्वाताच्या खोलीत आता दुसरी मुलगी जाईल. तिला मी सगळं शिकवून ठेवलं आहे. त्या खोलीचं दार आज बाहेरूनच ओढून घेतलं आणि जिन्यात बसून पोटभर रडले.

आप्पांबद्दल तू विसरू नकोस. मीही विसरणार नाही. तुझा राग तू असू दे, दादा, हवा तितके दिवस असू दे. फक्त उद्याची सकाळची पॅसेंजर चुकवू नकोस.

तुझी,
गिरी